वाचकांचे प्रश्न : सूर्य तरुण असताना

मे २०२४ मधील तीव्र सौरवादळात लडाखमधील हानले येथून आकाशातील तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला गेला आणि त्याच वर्षी सूर्याचे चालू, म्हणजे पंचविसावे, चक्र कळसाच्या टप्प्यात पोहोचल्याचे जाहीर झाले. तेव्हापासून या सदराकडे सूर्यावरील डागांविषयीची पत्रे सातत्याने येत आहेत. त्यांपैकी जी सूर्यापाशी न थांबता त्याच्यासारख्या इतर, विशेषतः तरुण, ताऱ्यांची चौकशी करतात, ती या अंकासाठी निवडली आहेत. बहुतेक पत्रे मराठवाड्यातील आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार हे ठरल्यापासून या भागातून खगोलशास्त्राचे प्रश्न वाढले आहेत, असा आमचा अनुभव आहे. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्नाचा गाभा तेवढा छापला आहे.

प्रश्न (विज्ञान शाखेचा विद्यार्थी, परभणी) : सूर्यावरील डागांची संख्या सरासरी अकरा वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते, असे आम्ही शिकतो. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. तो जन्मापासून हेच चक्र पाळत आला आहे का? नसेल, तर त्याच्या तरुणपणी काय घडत असावे?

उत्तर : बहुधा नाही. अकरा वर्षांचे, बऱ्यापैकी नियमित आणि एकपदरी चक्र ही सूर्याला जन्मतः मिळालेली गोष्ट दिसत नाही. ती त्याच्या मध्यमवयाची खूण दिसते. सूर्याएवढ्याच वस्तुमानाचे, पण वयाने लहान असलेले जे तारे तपासले गेले आहेत, त्यांच्यातील चुंबकीय घडामोडी कितीतरी प्रखर आढळतात, आणि त्यांच्यात चक्र असलेच तर ते बहुधा अनियमित तरी असते किंवा एकात एक गुंतलेल्या दोन-तीन आवर्तनांचे तरी बनलेले असते.

सूर्याचे चक्र म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. जर्मनीतील डेसाऊ येथील औषधविक्रेते हाइनरिश श्वाबे यांनी १८२६ पासून सूर्यावरील डागांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना सापडतो का, हे पाहण्याचा त्यांचा मूळ हेतू होता. तो ग्रह सापडला नाही, पण डागांच्या संख्येत सुमारे दहा वर्षांचे आवर्तन आहे हे मात्र त्यांच्या लक्षात आले. पुढे रुडॉल्फ वोल्फ यांनी जुन्या नोंदी जुळवून सरासरी कालावधी अकरा वर्षांचा ठरवला. तरीही डाग कशामुळे पडतात, हे कळायला १९०८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जॉर्ज एलरी हेल यांनी कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत डागांच्या प्रकाशातील वर्णपटरेषा दुभंगलेल्या पाहिल्या आणि त्यावरून तेथे प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचे दाखवून दिले. मोठ्या डागात हे क्षेत्र तीन हजार गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घरात असते. होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असते. डाग बहुधा जोडीने येतात, एक उत्तर ध्रुवतेचा आणि एक दक्षिण ध्रुवतेचा. एका गोलार्धातील जवळजवळ सर्व जोड्यांत पुढे चालणाऱ्या डागाची ध्रुवता सारखी असते, दुसऱ्या गोलार्धात ती उलट असते, आणि पुढील चक्रात दोन्हीकडे अदलाबदल होते. म्हणून डागांचे चक्र अकरा वर्षांचे असले, तरी चुंबकीय चक्र पूर्ण व्हायला बावीस वर्षे लागतात.

हे क्षेत्र सूर्याच्या पोटात तयार होते. त्रिज्येच्या बाहेरील सुमारे तीस टक्के भागात उष्णता अभिसरणाने वर येते, म्हणजे तेथील विद्युतभारित वायू सतत वर-खाली होत असतो. शिवाय सूर्य घन गोळ्याप्रमाणे एकसंध फिरत नाही. विषुववृत्ताजवळ एका फेरीला सुमारे २५ दिवस लागतात, तर ध्रुवांकडे सुमारे ३५. या तफावतीमुळे उत्तर-दक्षिण पसरलेल्या बलरेषा पूर्व-पश्चिम ताणल्या जातात, आणि वर चढणारे प्रवाह परिवलनामुळे पिळले जात असल्याने त्या ताणलेल्या क्षेत्रातून पुन्हा उत्तर-दक्षिण क्षेत्र उभे राहते, मात्र या खेपेस उलट ध्रुवतेचे. गतीची ऊर्जा चुंबकीय ऊर्जेत बदलणाऱ्या या यंत्रणेला डायनॅमो म्हणतात. यूजीन पार्कर यांनी १९५५ मध्ये तिची गणिती मांडणी केली. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची बाब एवढीच की, ही यंत्रणा परिवलनावर चालते आणि वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यात ती अधिक जोरात चालते.

ताऱ्याचा फिरण्याचा वेग वयाबरोबर घटतो, आणि तो घटवण्याचे कामही चुंबकीय क्षेत्रच करते. ताऱ्यावरून निघणारा कणांचा वारा बलरेषांना धरून बराच दूरपर्यंत ताऱ्याच्याच गतीने फिरत जातो आणि मग सुटतो. तो वस्तुमान अगदी थोडे नेतो, पण इतक्या अंतरावरून सुटल्यामुळे कोनीय संवेग, म्हणजे ताऱ्याच्या फिरण्यातला जोर, मात्र भरपूर नेतो. अँड्र्यू स्कुमानिच यांनी १९७२ मध्ये कृत्तिका, हायडीस हा तारकापुंज आणि सूर्य यांची तुलना करून दाखवले की, परिवलनाचा वेग वयाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. वय चौपट झाले की वेग निम्मा होतो. कृत्तिकांचे वय सुमारे १२ कोटी वर्षे आणि हायडीसचे सुमारे ६५ कोटी वर्षे मानले जाते. रोहिण्या बरसल्या की नाही, याची चर्चा आपल्याकडे दर उन्हाळ्याच्या अखेरीस होते. त्या रोहिणीच्या तांबूस ताऱ्याजवळ इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची जी मंद ताऱ्यांची रचना दिसते, तोच हायडीस पुंज. स्वतः रोहिणी मात्र त्याची सदस्य नाही. ती त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर, केवळ दृष्टिरेषेत आलेली आहे.

आता प्रत्यक्ष तारे वयाच्या क्रमाने पाहू, कारण सूर्याचे बालपण पाहण्याचा आपल्याकडे तेवढाच मार्ग आहे. कालेय मंडळातील ईके ड्रॅकोनिस हा सुमारे ११० प्रकाशवर्षांवरील तारा अवघा काही कोटी वर्षांचा असून तो पावणेतीन दिवसांच्या आत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. त्याचे क्ष-किरण प्रारण आजच्या सूर्याच्या शेकडो पट आहे. सूर्यावरील डाग विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ४० अंशांच्या आतच राहतात, पण या ताऱ्यावर ते ध्रुवाकडील भागांतही आढळतात. वेगवान परिवलनामुळे वर येणाऱ्या चुंबकीय नळ्या ध्रुवाच्या दिशेने वळवल्या जातात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अशा ताऱ्यावर डागांचा ऋतू आणि बिनडागांचा ऋतू असा फरक करणेच अवघड असते, कारण बिनडागांची वर्षे येतच नाहीत.

तिमिंगल मंडळातील काप्पा-एक सेटी हा सुमारे ३० प्रकाशवर्षांवरचा तारा साठ-सत्तर कोटी वर्षांचा असून त्याला एका फेरीला सुमारे नऊ दिवस लागतात. पृथ्वीवर जीवसृष्टीची सुरुवात होत असताना सूर्य जवळपास असा असावा, म्हणून याचा अभ्यास विशेष आस्थेने होतो. त्याच्या चुंबकीय हालचालींच्या नोंदींत साडेपाच वर्षांच्या आसपासचे आवर्तन सापडले आहे. जवळपास त्याच वयाचा, दक्षिण आकाशातील आयोटा होरोलोजी हा तारा तर केवळ १.६ वर्षांत आपले चक्र पूर्ण करतो.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो एप्सिलॉन एरिडॅनी. हा तरुण तारा साडेदहा प्रकाशवर्षांवर आहे, सूर्याहून किंचित लहान व थंड आहे, आणि सुमारे अकरा दिवसांत एक फेरी मारतो. ट्रॅव्हिस मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याच्या १९६८ पासूनच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा त्यांत २.९५ वर्षे आणि १२.७ वर्षे अशी दोन चक्रे एकाच वेळी चालू असल्याचे दिसले. त्याहून लक्षणीय म्हणजे १९८५ ते १९९२ या काळात ताऱ्याची चुंबकीय हालचाल बराच काळ खाली राहिली आणि त्यानंतर छोटे चक्र पुन्हा स्पष्टपणे सुरू झाले. सूर्यानेही १६४५ ते १७१५ या काळात डाग जवळजवळ बंद ठेवले होते, पण तो खंड सत्तर वर्षांचा होता. एकाच माणसाच्या नोकरीच्या काळात चक्र हरवून पुन्हा सापडावे, असा अनुभव सूर्याने आपल्याला दिलेला नाही.

सुमारे एक अब्ज वर्षांच्या एचडी ३०४९५ या ताऱ्यातही १.७ आणि १२.२ वर्षांची जोडचक्रे आहेत. याउलट वयस्क तारे पाहावेत. हंस मंडळातील ६१ सिग्नी ए हा तारा सूर्याहून म्हातारा आहे, ३५ दिवसांत एक फेरी मारतो, आणि त्याचे ७.३ वर्षांचे चक्र नियमित व स्वच्छ आहे. वृश्चिकेतील १८ स्कॉर्पिआय हा सूर्याचा जवळजवळ जुळा तारा सुमारे सात वर्षांचे चक्र दाखवतो. कॅटलिन ओलाह यांच्या गटाने २०१६ मध्ये माउंट विल्सनच्या दीर्घ नोंदींचे विश्लेषण करून हाच कल मांडला : तरुण, वेगवान ताऱ्यांची चक्रे गुंतागुंतीची आणि बदलती असतात, तर दोन-तीन अब्ज वर्षे ओलांडलेल्यांची साधी आणि गुळगुळीत.

एका वयात दोन चक्रे का असावीत, यावर मात्र मतभेद आहेत. एरिका ब्योम-व्हिटेन्से यांनी २००७ मध्ये असे सुचवले की, ताऱ्याच्या पोटात दोन वेगळ्या खोलींवर दोन डायनॅमो चालत असावेत, एक पृष्ठभागाच्या जवळ आणि एक अभिसरण-विभागाच्या तळाशी. परिवलनकाळ आणि चक्रकाळ यांचा आलेख काढला की तारे दोन रेषांवर पडतात, असा त्यामागील आधार होता. गंमत अशी की, सूर्य त्या दोहोंपैकी कोणत्याच रेषेवर बसत नाही, मधल्या मोकळ्या जागेत पडतो. त्यानंतर अधिक ताऱ्यांच्या नोंदी आल्या तेव्हा त्या दोन रेषाही पूर्वीइतक्या ठळक राहिल्या नाहीत. बारा-तेरा वर्षांचे चक्र माउंट विल्सनच्या छत्तीस वर्षांच्या नोंदीत तीनदाही पुरते बसत नाही, हे लक्षात घेता वरील आकड्यांतील दशांशांवर फार भार टाकू नये, असे आमचे मत आहे. कल मात्र पक्का आहे.

प्रश्न (माध्यमिक शिक्षिका, लातूर) : मोठ्या दुर्बिणीतूनही तारा ठिपक्यासारखाच दिसतो. मग त्याच्यावरचे डाग, त्यांचे चक्र आणि फिरण्याचा वेग या गोष्टी कशा मोजतात? मुलांनी विचारले आणि मला सांगता आले नाही.

उत्तर : डाग दिसत नाहीत, त्यांचा परिणाम दिसतो. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाच्या जांभळ्या टोकाला, ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरच्या आसपास, कॅल्शियमच्या दोन रुंद काळ्या रेषा असतात. त्यांना के आणि एच म्हणतात. ताऱ्याच्या दृश्य पृष्ठभागावरील वर्णावरणाचा थर जेथे चुंबकीय क्षेत्रामुळे तापतो, तेथे या काळ्या रेषांच्या नेमक्या मध्यावर बारीक उजळ कणा उमटतो. चुंबकीय हालचाल वाढली की तो कणा उजळतो, घटली की मंदावतो. त्याचे तेज शेजारच्या प्रकाशाच्या तुलनेत मोजून जो निर्देशांक काढतात, तो सूर्यासाठी सरासरी ०.१७ च्या आसपास येतो, काप्पा-एक सेटीसाठी ०.३७ च्या आसपास, तर एप्सिलॉन एरिडॅनीसाठी जवळजवळ ०.५.

या रेषांशी एका भारतीय नावाचा घनिष्ठ संबंध आहे. वेणू बाप्पू यांचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत होते आणि बाप्पूंचे शिक्षण हैदराबादेतच झाले; मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानाचा भाग होता. पुढे अमेरिकेत असताना त्यांनी ऑलिन विल्सन यांच्यासह याच के रेषेतील उजळ कण्याची रुंदी आणि ताऱ्याची मूळ तेजस्विता यांतील संबंध शोधला, आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला तो संबंध आज विल्सन-बाप्पू परिणाम म्हणून ओळखला जातो. बाप्पू १९६० मध्ये कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले, जेथे कॅल्शियमच्या प्रकाशात सूर्याची छायाचित्रे १९०४ पासून घेतली जात आहेत. विल्सन यांनी १९६६ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर दुसरेच काम हाती घेतले. सूर्यासारख्या ९१ ताऱ्यांचा हा निर्देशांक ते वर्षानुवर्षे मोजत राहिले. एका दशकाहून अधिक काळ त्यातून ठोस काही हाती लागेल याची शाश्वती नव्हती, आणि आजच्या अनुदानाच्या पद्धतीत असा प्रकल्प मंजूर झाला असता का, याची शंकाच आहे. १९७८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात अनेक ताऱ्यांची चक्रे स्पष्ट दिसत होती. हे काम पुढे ६० इंची दुर्बिणीवर इतरांनी २००३ पर्यंत चालवले. सॅली बालियुनास आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये शंभरहून अधिक ताऱ्यांचा जो ताळेबंद मांडला, त्यात निम्म्याहून अधिक तारे चक्र दाखवणारे निघाले. काही तारे चक्राविना चढउतार करणारे, आणि काही अगदी सपाट होते.

परिवलन मोजण्याची रीत मुलांना सोप्या उदाहरणाने सांगता येईल. रात्री दूरच्या गावच्या जत्रेतील चक्री पाळणा आपल्याला नुसता उजेडाचा ठिपका दिसतो. पण त्याच्या एका बाजूचे दिवे गेलेले असतील, तर तो ठिपका ठरावीक वेळाने मंद होतो, आणि त्या वेळा मोजल्या की पाळण्याची एक फेरी किती वेळात होते ते कळते. ताऱ्याचे डाग असलेले अंग आपल्याकडे आले की प्रकाश मंदावतो आणि कॅल्शियमचा निर्देशांक वाढतो. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर आणि २०१८ मधील टेस या अवकाश-दुर्बिणींनी हजारो ताऱ्यांचे परिवलन याच पद्धतीने मोजले. पण केप्लरने एका भागाकडे सलग चारच वर्षे पाहिले, त्यामुळे दीर्घ चक्रांसाठी जुन्या वेधशाळांच्या वह्याच कामी येतात.

तिसरी पद्धत अधिक कष्टाची आहे. चुंबकीय क्षेत्रातून आलेला प्रकाश किंचित ध्रुवीकृत होतो, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाला ठरावीक वळण लागते. तारा फिरत असताना वेगवेगळ्या दिवशी हे ध्रुवीकरण मोजून त्याच्या पृष्ठभागाचा चुंबकीय नकाशा गणिताने उभा करतात. या पद्धतीने भूतप मंडळातील टाऊ बूटिस या ताऱ्याची ध्रुवता उलटताना पाहिली गेली. त्याचे पूर्ण चुंबकीय चक्र सुमारे २४० दिवसांतच आटोपते. ६१ सिग्नी ए या ताऱ्याची ध्रुवताही चक्राबरोबर, सूर्याप्रमाणेच, उलटते हे २०१६ मध्ये दाखवले गेले. कॅल्शियमचे चढउतार हे खरोखर चुंबकीय चक्राचेच चढउतार आहेत, याची ही थेट साक्ष होय.

प्रश्न (एक वाचक, अंबाजोगाई) : डाग काळे असतात. मग डाग वाढले की सूर्य मंद व्हायला हवा; तो उजळतो असे वाचले, ते कसे?

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. डागांबरोबर त्यांच्या आसपास लहान-लहान उजळ चुंबकीय ठिपक्यांचे जाळेही वाढते, आणि आजच्या सूर्यावर त्या जाळ्याचा वाढीव प्रकाश डागांच्या तुटीवर मात करतो. त्यामुळे चक्राच्या कळसाला सूर्य सुमारे ०.१ टक्क्याने अधिक तेजस्वी असतो. तरुण ताऱ्यांत मात्र उलट घडते. अमेरिकेतील लोवेल वेधशाळेच्या प्रदीर्घ मोजणीत असे आढळले की, तरुण व जोरदार चुंबकीय हालचाल असलेले तारे हालचाल वाढली की मंद होतात, कारण त्यांच्यावर डागांचे क्षेत्रफळच फार मोठे असते. म्हणजे आयुष्याच्या कोणत्या तरी टप्प्यावर सूर्यानेही आपली बाजू बदलली असली पाहिजे. आणखी एक भेद क्ष-किरणांत दिसतो. सूर्याचे क्ष-किरण प्रारण चक्राच्या तळापासून कळसापर्यंत कित्येक पटींनी वाढते, तर आयोटा होरोलोजी आणि एप्सिलॉन एरिडॅनी यांच्यात ही वाढ फारच बेताची असते. ज्या ताऱ्याचा पृष्ठभाग आधीच तप्त चुंबकीय कमानींनी व्यापलेला आहे, त्याच्यावर आणखी भर घालायला जागाच थोडी उरते.

प्रश्न (भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, जालना) : प्राचीन खडकांच्या थरांत तरुण सूर्याच्या चक्राची नोंद सापडू शकेल का?

उत्तर : तसा प्रयत्न झाला आहे आणि तो उद्बोधक आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एलाटिना या खडकरचनेत सुमारे ६४ कोटी वर्षांपूर्वीचे अत्यंत पातळ आणि लयबद्ध थर आहेत. जॉर्ज विल्यम्स यांनी १९८१ मध्ये हे वार्षिक थर मानून त्यांत डागांच्या चक्राची नोंद असल्याचे मांडले, आणि त्या कल्पनेने काही काळ बरीच खळबळ उडवली. पण आणखी थर तपासल्यावर ती लय भरती-ओहोटीची असल्याचे खुद्द विल्यम्स यांनीच दशकभराच्या आत स्वीकारले. झाडांच्या वलयांतील कार्बन-१४ मधून सूर्याच्या चक्राचा मागोवा चांगला लागतो, परंतु तो काही हजार वर्षांपुरता. मराठवाड्याचा काळा पाषाण तर लाव्हाचा आहे, त्यात वर्षावर्षाचे थर मिळणार नाहीत. शिवाय तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि तेव्हा सूर्य जवळजवळ आजच्याच वयाचा होता. एलाटिनाच्या काळीही तो चारशे कोटी वर्षांच्या घरात पोहोचलेला होता. सूर्य एप्सिलॉन एरिडॅनीच्या वयाचा होता त्या काळातले खडक पृथ्वीवर अगदी तुरळक उरले आहेत आणि तेही उष्णतेने व दाबाने पार बदललेले आहेत.

प्रश्न (शेतकरी वाचक, धाराशिव जिल्हा) : डागांच्या चक्रावरून दुष्काळाचे भाकीत करता येते, असे एका व्याख्यानात ऐकले. तरुण सूर्याचे चक्र वेगळे होते म्हणता, मग तेव्हाचा पाऊसही वेगळा होता का?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर आपल्याच भागाच्या अनुभवावरून देता येते. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा सूर्याचे चक्र १९६८ चा कळस सोडून १९७६ च्या तळाकडे उतरत होते. २०१२ मध्ये पाऊस हटला, तेव्हा चक्र चढत होते आणि २०१४ च्या कळसाजवळ आले होते. २०१५ चा पावसाळा गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा ते पुन्हा उतरणीवर होते, आणि २०१८ मध्ये ते जवळजवळ तळाशी होते. दुष्काळ चक्राच्या प्रत्येक टप्प्यावर आलेला असताना त्यावरून पेरणीचा निर्णय घेणे धोक्याचे ठरेल. १९७२ आणि २०१५ या दोन्ही वर्षी प्रशांत महासागरात प्रबळ एल निनो होता, तो धागा कितीतरी अधिक भरवशाचा आहे.

दुसऱ्या भागाविषयी सांगायचे, तर तरुण सूर्याचा पृथ्वीवरील मोठा परिणाम चक्रामुळे नव्हे, तर एकंदर प्रखरतेमुळे झाला असावा. जन्माच्या वेळी सूर्याचा दृश्य प्रकाश आजच्यापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी होता, पण अतिनील आणि क्ष-किरण प्रारण मात्र अनेक पटींनी जास्त होते. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरच्या उद्रेकाने तारयंत्रे बिघडवली, तशा आणि त्याहून मोठ्या घटना तेव्हा वारंवार घडत असणार. केप्लरच्या नोंदींत सूर्यासारख्या ताऱ्यांवर अशा घटनांच्या दहापट ते हजारपट ऊर्जेचे महाउद्रेक आढळले, आणि वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यांवर त्यांचे प्रमाण जास्त आहे. ग्रहांच्या वातावरणाचे वरचे थर अशा प्रारणाने झिजतात. मंगळाचे वातावरण विरळ होण्यात त्याचा वाटा होता, असे मानण्यास चांगला आधार आहे.

प्रश्न (हौशी आकाशनिरीक्षक, नांदेड) : यांपैकी एखादा तरुण तारा आपल्याकडून नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

उत्तर : दिसतो. एप्सिलॉन एरिडॅनीची प्रत (तेजाचे माप; अंक जितका मोठा, तितका तारा मंद) ३.७ आहे आणि मराठवाड्यातून तो डिसेंबरच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे, क्षितिजापासून साठ अंशांहून थोडा वर असतो. मृग नक्षत्रातील राजन्य हा निळसर पांढरा ठळक तारा शोधावा आणि हात पूर्ण लांब करून तेथून पश्चिमेकडे, जवळजवळ त्याच उंचीच्या पट्ट्यात, अडीच मुठींचे अंतर मोजावे. तेथे अडीच अंशांच्या अंतराने दोन मध्यम तेजाचे तारे दिसतील. राजन्यकडून जाताना आधी येतो तो किंचित उजळ तारा डेल्टा एरिडॅनी, आणि त्याच्या पश्चिमेचा एप्सिलॉन. शहरातील दिव्यांच्या झगमगाटात तो सापडणे कठीण, पण चांदणे नसलेल्या रात्री शेतातून सहज दिसावा. तेथूनच आणखी पश्चिमेला आणि थोडे दक्षिणेला ३.५ प्रतीचा टाऊ सेटी आहे. वयाने मोठा, आणि माउंट विल्सनच्या नोंदींत चुंबकीयदृष्ट्या अगदी सपाट निघालेला. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी परग्रहावरील संदेश ऐकण्याचा पहिला रेडिओ-प्रयत्न केला, तो नेमका या दोन ताऱ्यांकडे अँटेना वळवून. काप्पा-एक सेटीही याच भागात आहे, पण त्याची प्रत ४.८ असल्याने त्यासाठी द्विनेत्री आणि ताऱ्यांचा नकाशा जवळ असलेला बरा.